नवा दोर आणि नवे खोंड
(द्वितीय वर्ष, कला)

जनावर शिकवण्याचा विषय निघाला की लोक जनावराच्या स्वभावाविषयी बोलतात, क्वचित शिकवणाऱ्याच्या हिमतीविषयी बोलतात. दोराविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक खोंड आणि माणूस यांच्यात सुरुवातीला जे काही बोलणे होते, ते सगळे दोरातून होते. माणसाच्या हातातील ओढ दोरातून खोंडाच्या तोंडापर्यंत जाते आणि खोंडाची भीती त्याच दोरातून माणसाच्या हातापर्यंत येते. हा मधला दुभाष्याच जर राठ, ताठ आणि टोचणारा असेल, तर दोन्हीकडचे बोलणे बिघडते. प्रस्तुत लेखात नवा दोर जनावराच्या अंगाला लावण्याजोगा कसा करतात, त्या दोराची सवय नव्या खोंडाला कशी लावतात आणि हे काम आज कोणाचेच का राहिलेले नाही, या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने असा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. मी दोर वळणाऱ्या घरातला आहे. माणदेशातील एका लहान गावात आमच्या मातंग समाजाच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या दावी, म्होरक्या, कासरे आणि मोटेचे नाडे वळले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिला. मी जे पुस्तकातून शिकतो ते आजोबांना ठाऊक नाही. पण आजोबांना जे ठाऊक आहे ते मला अद्याप एकाही पुस्तकात सलग लिहिलेले आढळले नाही. ते निदान एकदा कागदावर उतरावे, एवढाच हेतू.

दोरांची नावे व कामे

शहरातील माणसाला सगळे दोर सारखेच वाटतात. गोठ्यात मात्र प्रत्येक दोराला नाव आहे आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. जनावर खुंट्याला बांधून ठेवण्याचा आखूड दोर म्हणजे दावे. अनेक दावी ज्या ठिकाणी ओळीने बांधतात ती दावण. जनावराच्या तोंडाभोवती नाकाच्या वरून आणि कानांच्या मागून जो दोर बसवतात ती म्होरकी. दोन नाकपुड्यांमधील पडद्यातून ओवून शिंगांच्या मागे बांधतात ती वेसण. हाकणाऱ्याच्या हातात राहणारा लांब दोर म्हणजे कासरा. विहिरीवरच्या मोटेला लागे तो जाडजूड नाडा. मोटा गेल्या आणि नाडाही गेला. परंतु दावे, म्होरकी, वेसण आणि कासरा ही चार नावे आजही गोठ्यात रोज उच्चारली जातात.

या चारांपैकी म्होरकी हा शिकवणीचा पहिला दोर होय. वेसण नाजूक जागी असते, तिच्यावरची थोडी ओढही वेदना देते. म्होरकीची ओढ हाडावर आणि कातडीवर विभागली जाते. म्हणून जो शहाणा शेतकरी आहे, तो शक्य तेवढे शिक्षण म्होरकीवर पुरे करतो आणि वेसणीकडे शेवटी वळतो. आजोबा म्हणतात, “म्होरकीवर जे शिकतंय ते समजून शिकतंय, येसणीवर शिकतंय ते भिऊन.” शिक्षणशास्त्राच्या तासाला मला या वाक्याची आठवण झाली होती.

वाख, अंबाडी, ताग आणि सूत

दोर कशाचा आहे यावर तो पुढे कसा वागेल हे ठरते. आमच्या कोरड्या भागात बांधाच्या कडेने घायपात लावलेला असतो. त्याची मांसल पाने कापून, ठेचून, पाण्यात कुजवून, धुऊन आणि वाळवून जे पांढरट तंतू मिळतात त्यांना वाख म्हणतात. घायपाताचा रस अंगाला लागला की खाज सुटते. हे काम करणाऱ्यांचे हात आणि पोटऱ्या त्या दिवसांत लाल झालेल्या असतात. वाख मजबूत असतो. पण त्याचे तंतू ताठ असल्याने नवा दोर हाताला टोचतो.

अंबाडी आणि ताग या दोन्ही पिकांच्या खोडांची साल उपयोगाची असते. कापलेली ताटे पाण्यात दाबून ठेवावी लागतात. गाभा आणि साल सुटी होऊ लागली की साल सोलून, धुऊन घ्यायची. तागाचा तंतू वाखापेक्षा मऊ आणि टिकाऊ असतो. काथ्या कोकणातून येतो. तो पाण्याला टिकतो, पण फार राठ असल्याने जनावराच्या तोंडाला तो कोणी लावू नये. सुताचा दोर सगळ्यांत मऊ. मात्र तो महाग पडतो, पाणी शोषून घेतो आणि ओला राहिला की लवकर कुजतो. यावरून एक व्यवहारी नियम निघतो: खुंट्याच्या दाव्याला वाख किंवा अंबाडी, तोंडाच्या म्होरकीला ताग किंवा सूत, आणि वेसणीला फक्त सूत.

पीळ म्हणजे काय

दोर तुटत नाही तो तंतूंच्या बळावर, आणि उकलत नाही तो पिळाच्या बळावर. प्रथम तंतूंना एका दिशेने पीळ देऊन पेड तयार करतात. मग दोन किंवा तीन पेड एकत्र घेऊन त्यांना उलट दिशेने पीळ देतात. पेडातला पीळ उकलू पाहतो तेव्हा दोराचा पीळ आवळला जातो आणि दोराचा पीळ उकलू पाहतो तेव्हा पेडाचा आवळला जातो. दोन परस्परविरोधी ओढी एकमेकींना धरून ठेवतात. दोराचे सारे रहस्य एवढेच. एक माणूस हाताने लाकडी फिरकी फिरवतो, दुसरा तंतू पुरवीत मागे मागे सरकत जातो. तीन पेडांच्या मध्ये खाचा पाडलेला लाकडी ठोकळा धरला म्हणजे पेड एकमेकांवर सारखे बसतात.

नव्या दोरात ह्या दोन्ही ओढी ताज्या असतात. म्हणून तो सरळ पडत नाही, मध्येच आढे घेतो, गाठ धरत नाही, आणि त्याच्या अंगावर तंतूंची टोके कुसळांसारखी उभी असतात. असा दोर वाईट नव्हे. तो अजून तयार झालेला नाही, इतकेच.

नवा दोर मऊ करण्याची रीत

आमच्या घरात ही रीत पाच पायऱ्यांची आहे. क्रम बदललेला आजोबांना चालत नाही, आणि विचार केल्यावर त्या क्रमामागचे कारणही पटते.

पहिली पायरी भिजवण्याची. दोर रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचा. पाणी प्यायल्यावर तंतू फुगतात आणि दोर जाड होऊन लांबीला आखडतो. ही आखडण्याची क्रिया घरीच होऊन गेली पाहिजे. कोरा दोर उन्हाळ्यात जनावराच्या तोंडाला नेमका बसवला आणि तो पहिल्या पावसात भिजला, तर तोच दोर गालफडात रुतू लागतो. मालकाला वाटते जनावर पावसाला बुजले. जनावर बुजलेले नसते, म्होरकी आवळलेली असते.

दुसरी पायरी ताणण्याची. ओला दोर झाडाला बांधून दुसऱ्या टोकाला दगड टांगायचा किंवा दोन खांबांमध्ये तो ताठ ओढून ठेवायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर वरचे तंतू कडक होतात आणि आतले ओले राहतात. ताणावर वाळलेला दोर सरळ होतो, त्याचे आढे जातात आणि त्याची खरी लांबी कळते. म्होरकीच्या गाठी यानंतरच मारायच्या. आधी मारल्या तर माप चुकणारच.

तिसरी पायरी कुसळे काढण्याची. ताणलेल्या कोरड्या दोरावरून वाळक्या गवताची पेटती चूड झर्रकन फिरवायची. उभे तंतू जळतात, दोराला आच लागत नाही. हात थांबला की दोर गेला. म्हणून हे काम आमच्याकडे मुलांना देत नाहीत. मग ओल्या गोणपाटाच्या तुकड्याने दोर घट्ट धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा.

चौथी पायरी मळण्याची. कडुनिंबाच्या गुळगुळीत खांबाला दोराचा एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोके दोन हातांत धरून तो पुढे-मागे ओढायचा. तासभर ओढल्यावर दोर नरम पडतो. यानंतर बोटाला लागेल एवढेच करंजाचे तेल चोळायचे. तेल जास्त झाले तर गाठ सरकते, धूळ चिकटते आणि दोर पुन्हा राठ होतो. करंजाचे तेल कडू असल्याने किडे त्याच्या वाटेला जात नाहीत, हा आणखी एक फायदा.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. तयार झालेली म्होरकी थेट नव्या खोंडाला लावायची नाही. ती आधी आठवडाभर एखाद्या म्हाताऱ्या, गरीब स्वभावाच्या बैलाच्या तोंडाला बांधायची. त्याच्या हालचालीने ती घडीवर येते, कुठे काचते ते समजते, आणि तिला गोठ्याचा वास लागतो. खोंड कुठलीही नवी वस्तू आधी हुंगते. ज्या दोराला ओळखीच्या बैलाचा वास आहे, तो दोर त्याला तितकासा परका वाटत नाही.

याउपर एक परीक्षा असते. आजोबा म्होरकी आपल्या उघड्या पोटरीला गुंडाळून दोन्ही टोके ओढतात आणि थोडी फिरवतात. “आपल्या कातड्याला सोसंना, ते मुक्या जीवाला लावायचं न्हाई.” जिथे टोचेल तिथे दोर पुन्हा मळायचा. नंतर तोच दोर झाडाच्या फांदीला बांधून त्याला माणसाने लोंबकळून पाहायचे. तो मऊ झालेला असला पाहिजे आणि तुटलाही नाही पाहिजे. ह्या दोन्ही कसोट्या उतरल्याशिवाय दोर घराबाहेर जात नसे.

म्होरकी कोठे बसावी

म्होरकीचा नाकावरचा पट्टा हाडावर बसला पाहिजे. तो खाली घसरला तर नाकाच्या मऊ भागावर दाब येऊन श्वास अडतो, आणि श्वास अडलेले जनावर उधळणारच. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत एवढी जागा ठेवायची. गाठ गालाच्या हाडावर येऊ द्यायची नाही, कारण तेथे कातडीखाली मांस नसते. हनुवटीखालची गाठ न सरकणारी हवी. सरकफास तोंडाला किंवा गळ्याला घातला तर जनावर जितके ओढील तितका तो आवळत जातो. याउलट खुंट्याकडची गाठ अशी हवी की एका झटक्यात सुटावी. जनावर अडकून पडले तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. दोर वाढत नाही, पण खोंड वाढते. वासराला बांधलेली म्होरकी सहा महिने तशीच राहिली तर ती कातडीत रुतते, जखम होते, माश्या बसतात आणि अळ्या पडतात. म्हणून पंधरा दिवसांनी तरी बोटे घालून जागा पाहिली पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा आपल्याकडे आहे. जनावरास अवाजवी आखूड वा अवजड दोराने किंवा साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. ज्या समाजात दोराचा विचार नीट होतो, तेथे कायद्याला या बाबतीत फारसे काम उरत नाही.

खोंडाची शाळा

आमच्या भागातील जनावर मुख्यतः खिलार. पांढरे, चपळ, काटक आणि तापट. पंढरपूरची कार्तिकी, खरसुंडीची आणि पुसेगावची यात्रा या ठिकाणी खिलार जनावरांचे मोठे बाजार भरत आले आहेत. खिलार खोंड लवकर शिकते आणि जे शिकले ते विसरत नाही. हा गुण आहे तसाच धोकाही आहे, कारण ते चुकीची गोष्टही तितक्याच लवकर शिकते.

त्यांतील सर्वांत वाईट धडा म्हणजे दावे तोडणे. खोंडाने एकदा जोर केला, कच्चा दोर तुटला आणि ते मोकळे झाले की त्याला कळते की दोर तुटू शकतो. त्यानंतर कितीही भक्कम दोर आणला तरी ते प्रयत्न सोडत नाही. स्वतःला जखमा करून घेते. म्हणून पहिला दोर कधीच तुटता कामा नये. जुना झिजलेला दोर “चालंल की वासराला” म्हणून वापरणारा मालक पुढच्या दहा वर्षांची कटकट विकत घेतो.

सुरुवात हाताने होते. वासरू लहान असतानाच मान, गळपोळी, कानामागचा भाग खाजवून त्याला माणसाच्या स्पर्शाची ओळख करून द्यायची. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना बरेच मोठे क्षेत्र दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. तेव्हा मागून जायचे नाही. बाजूने, बोलत बोलत जायचे. पुढे दोन-चार दिवस म्होरकी नुसती गव्हाणीवर टाकून ठेवायची. मग ती तोंडात चढवून थोड्या वेळाने काढायची. मग ती तशीच ठेवून वैरण घालायची. दोर आला की वैरण येते, एवढी सांगड खोंडाच्या मनात बसली की निम्मे काम झाले.

त्यानंतर बांधणे. खुंटा जमिनीत खोल गाडलेला असावा. सुरुवातीला दोर खोंडाच्या डोक्याच्या उंचीला खांबाला बांधावा. लांबी इतकी ठेवायची की त्याला मान हलवता यावी, पण पाय दोरावरून पलीकडे जाऊ नये. खोंड ओढील, मागे रेटील, दोन-तीन वेळा बसेल. या वेळी त्याला मारायचे नाही आणि सोडायचेही नाही. जवळ उभे राहायचे. ते आपणहून एक पाऊल पुढे आले की दोर आपोआप ढिला पडतो. खांब रागावत नाही आणि दयाही करीत नाही, म्हणून आजोबा खांबाला खोंडाचा पहिला गुरुजी म्हणतात.

दुसरा गुरुजी माणूस. त्याला खांबाचा गुण उचलावा लागतो. चालवताना दोर ओढायचा नाही, धरायचा. खोंड थांबले तर दोर ताठ धरून थांबायचे. त्याने पुढे पाऊल टाकले की त्याच क्षणी हात सैल सोडायचा. खोंड शिकते ते ओढीने नाही, ओढ थांबण्याने. पाऊल टाकूनही ओढ चालूच राहिली तर त्याला कळत नाही की आपले काय बरोबर झाले. येथे पुन्हा दोराचा प्रश्न येतो. राठ, ताठ दोर हात सैल केला तरी तोंडाशी तसाच चिकटून राहतो, आढे उकलत नाहीत. मऊ दोर मात्र हात सैल होताच लोंबतो. खोंडाला शाबासकी पोहोचते ती मऊ दोरातूनच. नवा दोर मळण्यासाठी एवढे कष्ट का घ्यायचे, याचे माझ्या मते हे खरे उत्तर आहे. जखम टाळणे हे अर्धे कारण झाले. दोराने हो आणि नाही असे दोन्ही शब्द बोलावेत, हे उरलेले अर्धे.

एका वेळी घटकाभराहून जास्त शिकवायचे नाही. सकाळची थंड वेळ बरी. धडा संपवायचा तो खोंडाने एखादी गोष्ट बरोबर केल्यावरच.

दात पाहून वय ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दुधाचे दात असलेले ते आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. साधारण दुसा झाल्यावर खोंड औताला धरतात. त्याला शहाण्या बैलाशेजारी जुंपतात. आधी नुसते जू मानेवर, मग मागे हलका ओंडका, मग मऊ रानात कुळव, आणि गाडी सर्वांत शेवटी, कारण गाडीचा आवाज पाठीमागून येतो. या जोडीतला जुना बैल वळतो तसे खोंड वळते. दोन कासऱ्यांपैकी खोंडाकडचा नेहमी थोडा सैल असतो.

वेसणीविषयी थोडे

वेसण टोचण्याचे काम जाणत्यानेच करावे. नाकाच्या पडद्यात पुढच्या बाजूला, कूर्चेच्या अलीकडे, एक मऊ जागा असते; तेथेच छिद्र पाडायचे. थंडीचे दिवस बरे, त्या वेळी माश्या कमी असतात. आज पशुवैद्य उपलब्ध असतात, त्यांच्याकडून हे करून घेणे केव्हाही चांगले. पहिली वेसण बारीक, मऊ सुताची आणि स्वच्छ उकळून घेतलेली हवी. जखम पूर्ण भरेपर्यंत तिला कासरा लावायचा नाही. तोपर्यंत सारा कारभार म्होरकीवर. ज्याची म्होरकीची शिकवण चांगली झाली आहे, त्याच्या वेसणीला पुढे फारसे काम पडत नाही.

नायलॉनचा दोर

गेल्या काही दशकांत बाजारातून वाख आणि अंबाडी हटली आणि रंगीत नायलॉन व प्लॅस्टिकचे दोर आले. शेतकऱ्याने ते घेतले यात त्याचा दोष नाही. ते स्वस्त आहेत, कुजत नाहीत, पावसात आखडत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. दाव्यासाठी आणि गाडीवरचा माल बांधण्यासाठी ते चांगलेच आहेत.

तोंडावर मात्र त्यांचे तीन दोष दिसतात. ते घाम शोषत नाहीत, त्यामुळे दोराखालची कातडी ओली राहून सोलते. झटक्याने सरकले की घर्षणाने कातडी भाजल्यासारखी होते; हाच अनुभव दोर धरणाऱ्याच्या तळहातालाही येतो. आणि टोक उकलू नये म्हणून ते जाळून वितळवतात, त्याची कडक गोळी होते. ती गोळी गालाशी आली की खडा टोचावा तशी टोचत राहते. यांवर उपाय आहेत. नाकावरच्या व कानामागच्या भागाला सुती कापड किंवा गोणपाट गुंडाळून शिवावे, टोक जाळण्याऐवजी दोऱ्याने बांधावे, आणि बारीक दोराऐवजी रुंद, चपटी पट्टी वापरावी. सुताची म्होरकी परवडत नसेल त्याने एवढे तरी करावे.

हे काम कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पूर्वी दोर बलुत्यात दिला जाई. बलुतेदारीची व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तपशिलाने नोंदवली आहे. दोर वळणारा मांग त्या व्यवस्थेचा एक भाग होता. आमच्याकडे आषाढातल्या बेंदराला, अन्यत्र श्रावण अमावास्येच्या पोळ्याला, बैलांच्या अंगावर नवे दोर चढतात. ते दोर आमच्या घरातून जात आणि सुगीला त्याबद्दल धान्य मिळे. ते किती मिळावे, हे देणारा ठरवी. दोर वर्षभर टिकावा, तोंडाला काचू नये, ही जबाबदारी मात्र वळणाऱ्याची. जनावराला जखम झाली तर बोलणे आमच्या दारात येई. दोर मळण्याचे, तापवण्याचे, तपासण्याचे सगळे श्रम त्या धान्याच्या पायलीत गृहीत धरलेले होते. त्यांचा वेगळा हिशेब कधीच झाला नाही. ज्या गोठ्यातल्या जनावराच्या तोंडाला आमच्या हातचा दोर होता, त्या गोठ्याच्या पुढे घरात जाण्याची आम्हांला मुभा नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. आजोबांनाही तिच्याबद्दल हळहळ नाही. एकदा गावातले एक वृद्ध गृहस्थ त्यांना म्हणाले, “बाबा, पूर्वीचं दोर ऱ्हायलं न्हाईत बघा.” त्यावर आजोबांनी शांतपणे उत्तर दिले, “दोर व्हते अण्णा, पर दाम नव्हता.”

पण झाले असे की, बलुते गेल्यावर दोर वजनावर आणि हातावर विकला जाऊ लागला. वजनात मऊपणा मोजता येत नाही. बाजारात मळलेला दोर आणि कोरा दोर एकाच भावाने जातात. उलट कोरा दोर अधिक झळझळीत दिसतो, म्हणून तोच आधी उचलला जातो. मग वळणारा मळणार कशाला? घेणाऱ्याला वाटते, दोर तयारच आला आहे. वळणारा म्हणतो, माझे काम वळण्याचे. या दोघांच्या मध्ये दोर मऊ करण्याचे काम हरवून गेले, आणि त्याची किंमत तिसराच देतो. तो बोलत नाही. गालफडाला जखम झालेले खोंड तोंडाला हात लावू देत नाही, मालक त्याला खोडील ठरवतो आणि ते बाजाराची वाट धरते. कित्येक ‘खोडील’ जनावरांचा मूळ दोष त्यांच्या पहिल्या म्होरकीत असतो, असे आजोबांचे ठाम मत आहे, आणि मी जे गोठे पाहिले त्यांवरून मलाही तसेच वाटते.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरच्या काळात हा ऊहापोह कशासाठी? बैल कमी झाले हे खरे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. परंतु जी जनावरे आहेत त्यांना दोर लागतोच. दुभत्या गायीलाही लागतो, दवाखान्यात नेताना लागतो, गाडीत चढवताना लागतो. शिवाय १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवल्यापासून खिलार खोंडांना पुन्हा मागणी आली आहे. शर्यतीच्या घाईत शिकवलेल्या खोंडाला तर मऊ दोराची आणि सैल हाताची गरज अधिकच आहे.

भाषेतला दोर

शेवटी आपल्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळू. आपण महागाईला वेसण घालतो, कोणाच्या दावणीला बांधले जातो, कासरा ढिला सोडतो, नको असलेली जबाबदारी गळ्यातले लोढणे ठरते आणि कंटाळवाणे बोलणे चऱ्हाट होते. वर्तमानपत्रांत हे शब्द रोज येतात. ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी वेसण हातात धरली असेल? शब्द जिवंत आहेत, पण त्यांच्याखालची वस्तू निसटत चालली आहे.

“सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही” ही म्हण आपण हेकट माणसासाठी वापरतो. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. ती जळाली तरी राखेत पीळ तसाच दिसतो. दोर वळणाऱ्याच्या दृष्टीने या म्हणीत अर्धेच सत्य आहे. पीळ जाळून जात नाही हे खरे. पण भिजवून, ताणून, मळून त्याचा ताठा मात्र जातो, आणि पीळ शाबूत राहूनही दोर मऊ होतो. खोंडाचेही तसेच आहे. त्याचा पीळ, म्हणजे त्याचे बळ आणि तडफ, काढून घ्यायची नसते. ती गेली तर औत कोण ओढणार? जायला हवी ती फक्त भीती.

समारोप

या लेखातून तीन सूचना कराव्याशा वाटतात. दोर विकत घेणाऱ्याने तो मळलेला आहे का ते विचारावे आणि मळलेल्याला चार पैसे जास्त द्यावेत. ती मेहेरबानी नव्हे, मजुरी आहे. जे स्वतः मळतात त्यांनी पाच पायऱ्यांतील एकही गाळू नये. आणि आपल्या महाविद्यालयातील जे विद्यार्थी खेड्यांतून येतात, त्यांनी सुटीत आपापल्या घरच्या कामातील शब्द आणि रीती लिहून आणाव्यात. कुंभाराच्या, लोहाराच्या, चांभाराच्या, धनगराच्या घरी अशीच एकेक न लिहिलेली विद्या आहे. सक्तीची आणि अपमानाची जुनी चौकट मोडली ती मोडलीच पाहिजे होती. पण तिच्याबरोबर हातातले ज्ञानही फेकून द्यावे असे मात्र कोठे ठरलेले नाही. ते ज्ञान आता नावानिशी, दामानिशी आणि मानाने मांडता येईल. ते काम आपल्या पिढीचे आहे, कारण लिहिता येणारी आमच्या घरांतील ही पहिलीच पिढी आहे.